माझी बरणी, शेवंताचा डोह

आदिलाबादकडच्या आमच्या तामसीहून जैनथ काही फार लांब नाही. पण माझं वय त्र्याहत्तर आहे आणि हातात लोणच्याची भरलेली बरणी होती, म्हणून याला मी प्रवास म्हणते. ज्यांनी पैनगंगेचा काठ पाहिला नाही त्यांच्यासाठी लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. तेवढ्यात बसेल ते लिहीन.

जायचं कारण आधी सांगते. माझी धाकटी बहीण शेवंता जैनथच्या पुढे नदीकाठच्या एका गावात दिलेली आहे. मृग लागतो त्या दिवशी आमच्या भागात मासा खातात. तेलुगू लोक खातात, आम्ही मराठी लोकही खातो. त्या दिवशी मासा पोटात गेला की वर्षभर दमा-खोकला होत नाही, असं म्हणतात. मला दरवर्षी होतो, तरी खाते.

शेवंताच्या सासरी याची एक रीत आहे. मृगाचा मासा बाजारातून आणायचा नाही, नदीवर गरी, म्हणजे गळ, टाकून धरायचा. आणि ज्याच्या गरीला तो लागला, त्याच्या ताटात मुंडकं वाढायचं. गेली अकरा वर्षं मी मृगाला तिच्याकडे जाते आणि अकरा वर्षं मुंडकं शेवंता खाते. मला शेपटीकडचा तुकडा येतो. त्यात काटेच असतात. माझे दात गेले आहेत. मुंडकं चोखायचं असतं, त्याला दात लागत नाहीत. शेवंताचे दात सगळे शाबूत आहेत. तिनं शेपटी खाल्ली तर काय बिघडेल? पण रीत म्हणजे रीत.

तिला गरी धरायला मी शिकवलं, हे कोणाला आठवत नाही. गांडूळ हातात घ्यायचं म्हटलं की ती रडायची. मग आठव्या वर्षी मला शाळेत घातलं आणि तिला शेळ्यांमागं लावलं. मी पाढे म्हणत बसले आणि ती दिवसभर नाल्यावर. मी खिडकीतून नाल्याकडे पाहायची आणि मास्तर माझ्या बोटांवर पट्टी मारायचे. ती संध्याकाळी ओल्या परकरात मासे घेऊन यायची आणि आई तिचं कौतुक करायची. मी सातचा पाढा आणला याचं कोणी कालवण केलं नाही.

यंदा मुंडकं खायचंच, असं ठरवून निघाले.

बस

आमच्याकडे आता बायकांना बसचं तिकीट लागत नाही. आधार कार्ड दाखवलं की कंडक्टर शून्याचं तिकीट फाडून देतो. त्यामुळे बसमध्ये बायकाच बायका असतात आणि पैसे देणारे पुरुष उभे असतात. मला ते पाहायला बरं वाटतं.

आदिलाबादला बस बदलली. तिथून पुढं रस्ता खराब आहे. एका खड्ड्यात बस आपटली आणि बरणीच्या झाकणातून तेल बाहेर आलं. माझं लोणचं साधं नसतं. कैरी नावाला, बाकी लसूण, मेथी आणि हिंग. हिंग मी मोजत नाही, वासावर घालते. तामसीत लग्नाकार्याला माझ्याकडून मागून नेतात. तो वास बसभर झाला. पुढच्या सीटवरच्या माणसानं नाकाला रुमाल लावला.

कंडक्टर आला. "अव्वा, ई वासना एंटि?" हा वास कसला, असं विचारत होता.

मी म्हटलं, "आवकाया." तेलुगूत आंब्याच्या लोणच्याला तसं म्हणतात.

त्यानं बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हिंदीत म्हणाला, "अम्मा, आचार है के बम है?"

"खाके देख," मी म्हटलं. त्यानं खाल्लं नाही. माझ्या मांडीवर पेपर अंथरून दिला तेवढा.

जैनथपासून ऑटो. दोन्ही बाजूंना काळी जमीन नांगरून पडलेली होती, कापसाच्या पेऱ्याची वाट पाहत. शेवंताचं गाव आलं की रस्ता संपतो आणि नदी लागते. पलीकडचा काठ महाराष्ट्र. तिकडची गुरं इकडं पाणी पितात, त्यांना कोणी कार्ड मागत नाही.

शेवंताचं घर

शेवंता दारातच होती. माझ्याहून दोनच वर्षांनी लहान, पण गुडघे अजून वाकतात. तिनं माझी पिशवी घेतली नाही, आधी बरणी घेतली.

"बरं झालं आक्का, तुही बरणी आली. पयली बुडाशी लागली होती."

"एवढं पुरलं नाही का?"

"कुठं पुरते? आमी तर वाट पाहून राह्यलो होतो."

तिचा नवरा किसनराव खाटेवर बसला होता. तो जमिनीकडे पाहून हसला. मला वाटलं, जेवणाच्या आठवणीनं हसला. माझा नवरा जाऊन चौदा वर्षं झाली. तिचा अजून खाटेवर बसून हसतो. तिची सून लता तिच्या केसांना तेल लावून देते. माझ्या दोन्ही सुना हैदराबादला असतात आणि फोनवर डोक्याला काय लावायचं ते सांगतात.

दुपारी जेवायला बसलो. भाकरी, अंबाडीची भाजी, भात, चिंचेचं सार. आमच्या तामसीकडे भात सणाला, यांच्याकडे दोन्ही वेळा. ताटात लोणचं नव्हतं.

"लोणचं काऊन नाही वाढलं?" मी विचारलं.

शेवंता म्हणाली, "जपून वापरतो वो आक्का. रोज काढलं तर पुरन का?"

लता पदरात तोंड घालून खोकायला लागली. मला बरं वाटलं. माझं लोणचं कोणी जपून वापरतं हे ऐकायला कोणाला बरं वाटणार नाही?

संध्याकाळी शेवंता एक गंज, म्हणजे मोठं पातेलं, घेऊन नदीकडे निघाली. गंजात शिळी भाकरी, भाताची खरड आणि सरकीची ढेप भिजवलेली होती. उन्हाळ्यानं नदी आटली होती, पण तिच्या वाटेला एक डोह आहे, जांभळीखाली, त्यात बाराही महिने पाणी असतं. तिनं सगळा गंज त्यात उपडा केला.

"अन्नाची नासाडी काऊन करतं?" मी म्हटलं.

"डोह चारून राह्यली. आठ दिवस झाले. रोज याच येळी."

"मासे काय तुहे पावणे हायेत?"

"पावणेच समज. जेवायला बोलावल्याबिगर कोन येते?" असं म्हणून तिनं गंज विसळला. मला तिचं ते शहाणपण आवडलं नाही.

मृगाच्या आधीचे दोन दिवस

मृगाच्या आधी डोहावर गर्दी असते. प्रत्येकजण आपला डबा मांडीखाली दडवून बसतो. डब्यात काय आहे ते कोणी सांगत नाही. गांडुळं आता पोरंसोरंही लावत नाहीत, सगळ्यांना घरातल्या वस्तूंचं वेड लागलं आहे. एक पेन्शनर मास्तर पिठात कस्टर्डची पावडर मळून आणतात. एक शिंपी उदबत्तीचा चुरा घालतो. एकानं बायकोची पावडर आणली होती, बायको काठावरून ओरडत आली आणि डबा घेऊन गेली.

शेवंताचा डबा पत्र्याचा, झाकण घट्ट. मी शेजारी बसले तर तिनं तो दुसऱ्या मांडीकडे सरकवला. सख्ख्या बहिणीपासून.

"काय हाय त्यात?"

"पीठ."

"पिठात काय हाय?"

"तू तुह्यं पाय न आक्का."

मी माझं पाहिलं. घरून मी कापूर आणला होता. ज्वारीच्या उकडीत कापूर मळला आणि गोळी लावली. ज्वारीच्या धांड्याचा तुकडा पाण्यावर तरंगत ठेवला होता, मासा ओढतो तेव्हा तो बुडतो. तो बुडाला नाही. एक बाई पाण्याला आली, तिला वास आला आणि ती हात जोडून उभी राहिली. तिला वाटलं मी गंगेची आरती करते आहे.

मग लताच्या कपाटातून केकमध्ये घालायचं वासाचं पाणी घेतलं. त्याला मुंग्या आल्या. डब्यात, काठीवर, माझ्या पोलक्यात. मुंग्या येतात ती वस्तू माशाला का आवडू नये, हे मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सर्दीचा मलम घातला. ही अक्कल माझी नाही, मास्तरांनी सांगितली, आणि सांगताना ते हसत होते हे मी नंतर आठवलं. पीठ मळलेल्या हातानं मी डोळा पुसला. अर्धा तास त्या डोळ्यानं मला ना नदी दिसली ना शेवंता. किसनराव लोट्यानं डोळ्यावर पाणी मारत होता आणि म्हणत होता, "आक्का, मासा सोडा, सर्दी तरी गेली का?"

तेवढ्यात शेवंताची गरी बुडाली. मी एका डोळ्यानं पाहिलं. तिनं ओढलं नाही, वाट पाहिली, मग मनगट हलवलं आणि हातभर मरळ काठावर आपटला. लोक म्हणाले, "शेवंताबाईच्या हाताला गुन हाय." मास्तरही म्हणाले. ज्यांनी मला मलम सांगितला तेच. शेवंतानं तो मरळ शिंप्याला देऊन टाकला, मृगाचा मासा उद्या धरायचा आहे म्हणाली. मला दिला असता तर मी घेतला नसता. पण विचारायचं तरी.

घरी आल्यावर माझं डोकं दुखत होतं. मी लताला म्हटलं, "पोरी, थोडं लोणचं दे, तोंडाला चव नाही." शेवंता गुरांकडे गेली होती.

लता नेरडीगोंड्याची. हायवेवरची मुलगी, मनात येईल ते बोलते. ती ओट्याखाली वाकली आणि माझीच मागच्या वर्षीची बरणी काढली. आत फोडी होत्या, सगळ्या, जशा मी घातल्या तशा. मसाला आणि तेल मात्र खरडून नेलेलं.

"खार कुठं गेला?" मी विचारलं.

लतानं बरणी ओट्यावर ठेवली. मग म्हणाली, "मोठ्या आत्याबाई, रागावू नका. तुमचं लोणचं आमच्या घरी कोनीच खात नाही. मामंजीला हिंगानं मळमळते."

"मंग कोन खाते?"

"मासे."

मी बरणीचं झाकण लावलं. अकरा वर्षं कैऱ्या चिरल्या, मेथी भाजली, लसूण सोलून नखं जळली, आणि ते सगळं पैनगंगेत गेलं. अकरा वर्षं माझ्याच हिंगावर तिनं मुंडकी खाल्ली आणि मला शेपटी वाढली. मला राग नेमका कशाचा आला ते सांगते. त्यांना लोणचं आवडत नाही याचा थोडा आला. माझा हात लागत होता आणि नाव तिच्या हाताचं होत होतं, याचा जास्त आला.

मृग

सकाळी शेवंता चुलीपाशी होती. मी नवीन बरणीतला खार एका वाटीत काढला, तिच्या देखत. तिनं वाटीकडे पाहिलं, मग लताकडे. लता चूल फुंकायला लागली.

"कळलं म्हनायचं," शेवंता म्हणाली.

"कळलं."

"फोडी काढून ठेवतो आक्का. फेकत नाही."

"मेहरबानी."

डोहावर आम्ही शेजारी बसलो. पीठ एक, खार एक, गरी एकाच दुकानातली. मी माझी गोळी तिच्यापासून दोन हातांवर टाकली. मास्तर, शिंपी, किसनराव सगळे पाहत होते. मला वाटलं, आता पाण्यालाच विचारू, हात कोणाचा.

ऊन चढलं. माझा धांडा दोनदा हलला. दोन्ही वेळा मी ओढलं आणि दोन्ही वेळा रिकामी गरी वर आली.

"घाई नको करू," शेवंता म्हणाली.

"तू मले शिकवू नको. तुले मी शिकवलं."

"हो न. म्हनून तर म्हनतो. तूच म्हने, बुडू दे, मंग ओढ."

मी खरंच तसं म्हणत असे. मला ते आठवत नव्हतं आणि तिला आठवत होतं.

मग तिचा धांडा सरळ खाली गेला. ती बसून राहिली. मी आत आत म्हणत होते, तुटू दे तंगूस, तुटू दे हा दोरा. देवाच्या दिवशी असं म्हणू नये, पण म्हटलं. तंगूस तुटला नाही. किसनराव गुडघाभर पाण्यात उतरला आणि दोघांनी मिळून रोहू बाहेर घेतला. मुंडकंच तांब्याएवढं होतं.

लोक हाताचा गुण म्हणायला लागले तशी मी उठले. सगळ्यांसमोर म्हटलं, "त्या गरीवर लोनचं माह्यं हाय. अकरा वर्षं माह्यंच होतं. मुंडकं माह्यं."

किसनराव म्हणाला, "आक्का, रीत अशी हाय का ज्याच्या गरीले..."

"मासा काय लोखंड पाहून आला का? हिंग पाहून आला."

मास्तर म्हणाले, "मुद्दा बरोबर हाय." शिंपी म्हणाला, "मंग उदबत्तीच्या कंपनीवाल्यानं माह्या गरीचा मासा न्यावा का?" लोक हसले. मी हसले नाही. मी शेवंताकडे पाहत होते. मला भांडण पाहिजे होतं. माझ्याकडे बोलायचं पुष्कळ होतं, शाळेपासूनचं होतं.

शेवंता माशाच्या तोंडातून गरी काढत होती. वर न पाहता म्हणाली, "खाय न आक्का. तुले कवाच पायजे होतं तर म्हनायचं होतं."

बस, एवढंच.

घरी लतानं कालवण केलं. आम्ही मासा जवसाच्या वाटणात करतो, त्यांनी चिंचेत केला, वरून मेथीची फोडणी. मुंडकं माझ्या ताटात आलं. शेवंतानं शेपटी घेतली आणि काटे काढत बसली. मी मुंडकं चोखलं. चांगलं होतं. पण ती भांडली असती तर जास्त गोड लागलं असतं. तिनं ते असं दिलं, जसा आदल्या दिवशी शिंप्याला मरळ दिला.

परत

येताना बरणी नव्हती, हात मोकळे होते. शेवंता ऑटोपर्यंत आली. फोडींचा डबा तिनं माझ्या पिशवीत घातला. "तुले आवडतात त खाय," म्हणाली. कंडक्टर दुसरा होता, त्याला कसलाच वास आला नाही.

तामसीला आल्यावर मी स्वस्थ बसले नाही. आमच्या तलावावर गेले. घरच्या बरणीतला तसाच खार, तीच उकड, तशीच गरी. पाऊस धरायच्या आधी तीनदा, दिवाळीनंतर पाचदा गेले. एकदा खेकडा आला. आठ दिवस तलाव चारून पाहावा असंही मनात आलं. दोन दिवस गंज घेऊन गेले, तिसऱ्या दिवशी कंटाळा आला. शेवंता रोज जाते. शेळ्यांमागं दिवस काढलेल्या माणसाला वाट पाहता येते. मला घंटा वाजली की उठायची सवय लागली.

हे तिला मी सांगितलेलं नाही. इथं लिहायला हरकत नाही. शेवंताला वाचता येत नाही. लता शिकलेली आहे, पण तेलुगू शाळेत. मराठी अक्षर तिला लागत नाही. तेवढं एक माझ्याकडे आहे.

आता परत कैऱ्या आल्या आहेत. बरणी शेवंताकडे नेऊच नये असं चैत्रात ठरवलं होतं. मग वाटलं, न्यावी, पण हिंगाशिवाय. बसू दे तिला रिकाम्या डोहावर, लोकांना कळू दे हात कोणाचा होता. मी तशी बरणी भरलीसुद्धा. दोन दिवस ती ओट्यावर ठेवली आणि पाहिलं. मग डोक्यात आलं, मासा लागला नाही तर मुंडकं कुठून येणार? माझ्या गरीला तर तो येत नाही.

काल बरणी उघडली आणि हिंग घातला. दर वर्षापेक्षा जास्त. फोडी सगळ्या काढून घेतल्या, नुसता खार ठेवला.